ट्रायलचा डबा

आमच्या निवृत्त शिक्षिकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर चार दिवसांनी कुणीतरी रेल्वेच्या जुन्या डब्याचा फोटो टाकतं. सागवानी भिंती, पितळी कड्या, हिरव्या रेक्झिनच्या गाद्या, खिडकीला लाकडी झडपा. खाली लिहिलेलं असतं, ‘गेले ते सोन्याचे दिवस.’ मग बाकीच्या जणी उसासे टाकतात, रडके चेहरे पाठवतात, एखादी आपल्या मामाच्या गावची आठवण काढते. ह्यातल्या बहुतेक जणी त्या डब्यात कधी बसलेल्याच नाहीत. पहिल्या वर्गाने प्रवास करणाऱ्यांच्या मुली आमच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरकी करायला येत नसत. मी त्या फोटोंखाली काही लिहीत नाही. पण फोटो मात्र मोठा करून बघते, कोपरे बघते, झडपांच्या पट्ट्यांवर पॉलिश नीट बसलंय का ते बघते. सवय आहे ती, प्रेम नव्हे. आणि प्रेम असलंच, तर ते मला नको असताना गळ्यात पडलेलं आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, रेल्वेच्या डबे दुरुस्त करायच्या कारखान्यात पॉलिश खात्यात होते. नायगावच्या आमच्या चाळीतून निघालं की परळपर्यंत ते चालतच जायचे. त्या काळी पहिल्या वर्गाचे डबे आतून पूर्ण लाकडी. डबा दुरुस्तीला आला की गाद्या, आरसे, पंखे सगळं काढून त्याला उघडा करायचे. मग पॉलिश खात्याची माणसं जुनं पॉलिश खरवडायची, पॉलिशकागद मारायची, फटींमध्ये लांबी भरायची, आणि लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या पोटलीने लाकडावर हात मारायची. एकावर एक, वाळू दे, परत घास, परत हात. नानांची बोटं कायम तांबूस असायची आणि अंगाला स्पिरिटचा वास यायचा. नवा माणूस घरी आला की त्याला वाटायचं, गडी सकाळीच टाकून आलाय. नाना थेंबाला शिवत नसत. आई म्हणायची, “पीत असते तर बरं झालं असतं. पडले तरी असते कधीतरी गप.”

कारण नाना गप बसत नसत. संध्याकाळी आमच्या एका खोलीत स्टोव्हचा सूं-सूं आवाज चालू असायचा, बाहेरच्या पॅसेजमध्ये पोरांचा कालवा, नळावर कळश्या आपटत असायच्या, आणि भिंतीला टेकून नाना डबा सांगत असायचे. आई तव्यावर तांदळाची भाकरी फिरवायची, कुळथाची पिठी घोटायची, शेगडीत भाजलेला बोंबील कुटायची, आणि नाना बोटाने फरशीवर नकाशा काढायचे. इथे दोन खालच्या बर्थ, इथे वर दोन, वर चढायला ही छोटी शिडी. हे वॉशबेसिन, भिंतीत मिटून जातं. पंख्याला पितळी जाळी. आरशाच्या दोन्ही बाजूंना थंड हवेच्या ठिकाणांचे फोटो, काचेखाली. प्रत्येक खोलीचा दरवाजा थेट फलाटावर उघडतो, शेजारच्याला कळतही नाही पलीकडे कोण बसलंय. खिडकीला तीन पडदे, एक काचेचा, एक जाळीचा, एक लाकडी झडपेचा. हे तीन ते मोठ्या अभिमानाने सांगायचे. आमच्या खोलीला एकच खिडकी होती आणि तिला एकही पडदा नव्हता, तो मुद्दा वेगळा.

आई त्या डब्यांना सवत म्हणायची. नाना उशिरा आले की विचारायची, “काय वो, सवतीनं सोडलं नाय का लवकर?” नाना हसायचे. कधी म्हणायचे, “तुला एकदा बसवीन. बघशील मग. तूच उतरणार नाहीस.” आई इस्पितळात आया होती. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांचे लंगोट, वांत्या नि चादरी. ती कधी काही मागायची नाही. साडी मागितली नाही, मंगळसूत्राच्या वाट्या गहाण पडल्या तेव्हा बोलली नाही. पण ह्या एका गोष्टीवर ती अडून बसली. “कधी बसवताय?” ती विचारायची, अधूनमधून, भाकरी उलटता उलटता. तिला डब्याचं काही नव्हतं असं मला आज वाटतं. ज्याच्यापायी हा माणूस असा फुलून येतो तिथे तिला एकदा त्याच्या शेजारी बसायचं होतं, एवढंच.

घरातही नानांचा हात स्वस्थ बसत नसे. उरलेलं पॉलिश बाटलीत आणायचे आणि जे लाकडी दिसेल त्याला लावायचे. स्टूल, फळी, कपड्यांची पेटी, दरवाजा. आमचा दरवाजा सबंध मजल्यावर चमकत असायचा. पोरं त्यात तोंड बघून भांग पाडायची, आणि शेजारी विचारायचे, “नाना, गाडी कधी सुटणार?” एकदा त्यांनी पोळपाटाला पॉलिश केलं. पुढचे आठ-दहा दिवस पोळ्यांना स्पिरिटचा वास येत होता आणि आई ज्या भाषेत बोलली ती इथे लिहिण्यासारखी नाही. मागच्या वर्षी पुनर्विकासासाठी चाळ रिकामी केली तेव्हा लोकांनी आठवण म्हणून आपापल्या खोल्यांचे दरवाजे काढून नेले. मला मुकादमाने विचारलं, “बाई, एवढा भारी दरवाजा, नेत नाय?” मी नाही म्हटलं.

रेल्वेतल्या माणसाला पास मिळतो. आम्हाला त्या पासाचा उपयोग काय, तर आमचं गाव कोकणात, आणि कोकणात तेव्हा रेल्वे नव्हतीच. आयुष्यभर रेल्वेचे डबे चमकवणारा माणूस स्वतःच्या आईला भेटायला एसटीच्या टपावर पेटी बांधून जायचा. त्यामुळे आमचा पास वर्षातून एकदाच निघायचा, दसऱ्याला, नागपूरला दीक्षाभूमीवर जायला. पास अर्थातच सगळ्यात खालच्या वर्गाचा. चाळीतली बरीच घरं एकत्र निघायची, लाकडी पट्ट्यांच्या बाकांवर एकमेकांना चिकटून, गाणी म्हणत. मोठं स्टेशन आलं की नाना उतरून गाडीच्या पुढच्या टोकाला चालत जायचे. पहिल्या वर्गाचा डबा शोधायचे, तो आपल्याच हाताखालून गेलेला आहे का ते बघायचे, असला तर दाराच्या लाकडावर तळहात ठेवून उभे राहायचे. गार्डाची शिटी झाली की धावत परत. आई खिडकीतून बघत असायची. कारखान्यात दसऱ्याला हत्यारांची पूजा असे आणि त्या दिवशी घरच्यांना आत सोडत. सगळ्यांच्या बायका-मुलांनी ते डबे आतून पाहिलेले होते. आम्ही त्या दिवशी नागपुरात असायचो, म्हणून आम्हीच तेवढे राहिलो होतो.

आणखी एक वाट होती, ती म्हणजे ट्रायल. दुरुस्त झालेले डबे इंजिनाला जोडून कल्याणपर्यंत पळवून आणायचे, आवाज कुठे येतो, चाकं कुठे तापतात ते बघायला. प्रत्येक खात्याची दोन-चार माणसं हत्यारं घेऊन बरोबर जायची. आणि रिवाज असा पडला होता की यार्डातून निघताना घरची माणसं मागच्या साध्या डब्यात बसवायची. लिहिलेलं कुठे नव्हतं, पण फोरमन तोंड फिरवायचा, बायका-पोरं कल्याणचं पाणी पिऊन परत यायची. सगळेच करायचे. नाना मात्र कधी न्यायचे नाहीत. म्हणायचे, “मागच्या डब्यात कशाला? नेईन तर माझ्या डब्यात नेईन.” त्यांचे दोस्त आंतोनकाका, इथलेच जुने ख्रिस्ती, कारखान्यात गाद्या शिवायचे. तेही समजवायचे, “अरे, वहिनीला मागं बसव की आमच्यासारखी. ट्रेन तीच ना रे?” पण नानांना ते पटत नव्हतं. मी नववीत होते तेव्हा एक दिवस नाना घरी आले ते दारातूनच म्हणाले, “उद्या. सुट्टी टाक इस्पितळात.”

आईने जांभळं पातळ काढलं, ते लग्नकार्यापुरतं ठेवलेलं. माझ्या केसांना तेल चोपडून दोन वेण्या घातल्या. पहाटे उठून भाकऱ्या केल्या, अंडी उकडली, सुक्या जवळ्याची चटणी केली, आणि खात्यातल्या सगळ्यांसाठी नारळाच्या वड्या. नाना म्हणाले, “जवळा नको गं. पहिल्या वर्गात जवळा?”

“मग पहिल्या वर्गात काय माणसं उपाशी बसतात?” आई म्हणाली, आणि चटणीवर ताटली झाकली. ती इतकी खूश मी तिला आधी कधी पाहिली नव्हती.

यार्डात इतरांची बायका-पोरं मागच्या डब्यात चढत होती. नानांनी आम्हाला पुढे नेलं. डब्याचा दरवाजा उघडला आणि आतून तो वास आला, लाखेचा, नव्या रेक्झिनचा, सागाचा. मी खोटं लिहिणार नाही. आजवर मी पुष्कळ ठिकाणी गेले, विमानात बसले, पण त्या खोलीइतकं सुंदर काही पाहिलेलं नाही. भिंतीत आपण दिसायचो, अंधूक, मधाच्या रंगाचे. आईने चपला बाहेरच काढून हातात घेतल्या. “घाल गं पायात,” नाना म्हणाले, “हा काय विहार आहे?” तिने घातल्या नाहीत, बर्थखाली सरकवून ठेवल्या. मग ती खिडकीशी टेकली, अगदी कडेला, पाहुण्याच्या घरी बसावं तशी. नाना समोर बसले. “हाताशी जपून,” त्यांनी सांगितलं, “खिडकीखालचं लाकूड अजून जरा कच्चं आहे. रात्रीच शेवटचा हात मारलाय.” गाडी हलली. परळच्या चाळी, धुराडी, वाळत घातलेले कपडे सगळं मागे जायला लागलं आणि नाना एकेक वस्तू दाखवायला लागले. बेसिन उघडून दाखवलं, मिटून दाखवलं. आई तोंडाला पदर लावून हसत होती. दादरपर्यंतचा तो प्रवास. पुढे कुणी मला विचारलं की तुझ्या आईवडिलांचा संसार सुखाचा होता का, तर मी परळ ते दादर होता असं सांगेन.

दादरला गाडी थांबली. नानांनी बाहेर डोकावलं आणि त्यांचा चेहरा उतरला. फलाटावर कारखान्याचे नवे साहेब उभे होते, त्यांची बायको, आणखी एक जोडपं, हातात थर्मास आणि वेताची टोपली. साहेबालाही आपल्या माणसांना ट्रायलमधून फिरवून आणायचं होतं. त्याच्यावर बंदी कुणी घालणार नव्हतं. ते आमच्या शेजारच्या खोलीकडे वळले. नानांनी धडाधड सगळ्या झडपा खाली ओढल्या. “आवाज करायचा नाही. झडप उघडायची नाही. कल्याणला मी बघतो,” असं म्हणून ते फलाटाच्या उलट्या बाजूच्या दाराने उतरले आणि मागच्या डब्यात गेले. आईच्या डब्यातल्या प्रवासातला मोठा भाग असा झडपा लावून झाला. अंधारात पट्ट्यांच्या फटींतून उजेडाच्या रेघा येत होत्या आणि आईच्या पातळावरून सरकत होत्या. पलीकडून बायकांचं हसणं, कपबशांची किणकिण. आई कुजबुजली, “कुठं आलं गो?” मी फटीला डोळा लावून म्हटलं, “भांडुप.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “पहिल्या वर्गातनं कसं दिसतं?” मी म्हटलं, “तसंच.” आम्ही दोघी तोंड दाबून हसलो.

ठाणं गेलं, बोगदा आला आणि गेला, आणि आईने एकदम झडप वर उचलली. “बस झालं आता,” ती म्हणाली. बाहेर खाडी होती, पाण्यावर ऊन. तिने खिडकीखालच्या लाकडावर हात टेकला आणि वाकून बघत राहिली. वाऱ्याने तिच्या कपाळावर केस आले होते. मग तिने जेवणाचा डबा उघडून भाकरीवर चटणी वाढली, अर्धी मला, अर्धी स्वतःला. जवळ्याचा वास त्या लाखेच्या वासात मिसळला. आम्ही चार घास खाल्ले असतील नसतील, आणि दिवा स्टेशनात गाडी थांबली. चाकं तापली आहेत का ते हात लावून बघायला ट्रायल तिथे थांबवायचे, हे आम्हाला कुठून ठाऊक असणार?

दार उघडलं ते साहेबांच्या बायकोने. तिला दुसरी खोली बघायची होती. ती आमच्याकडे बघतच राहिली. मग मागे वळून म्हणाली, “अहो, इथे कुणीतरी बसलंय. जेवतायत.” साहेब आले. ओरडले नाहीत, तरुण होते, सभ्य होते. त्यांनी पॉलिशवाल्याला बोलवा म्हणून सांगितलं. नाना आले, त्यांच्या मागे आंतोनकाका, आणखी दोघं-तिघं.

“ह्या कोण?” साहेबांनी विचारलं.

नानांनी आमच्याकडे पाहिलं नाही. खिडकीखालच्या कच्च्या लाकडावर आईच्या तळव्याचा ठसा उठला होता, पाच बोटं आणि बांगडीची एक कोर. ते तिकडे बघत होते.

“माझी माणसं, साहेब,” आंतोनकाका मध्येच म्हणाले. “मी आणली. त्याचं काय नाय ह्यात.”

साहेबांनी आईच्या पातळाकडे, कपाळाकडे पाहिलं. आंतोनकाकांच्या गळ्यात क्रूस होता. “तुझी?” ते हसून म्हणाले, आणि पुन्हा नानांकडे वळले. “डबा तुझ्या ताब्यात होता ना? तू सांग. कोण ह्या?”

“ठाऊक नाही, साहेब,” नाना म्हणाले. आवाज अगदी साधा होता, घरी मीठ मागावं तसा. “यार्डात कोळसे वेचायला बायका येतात. त्यांतली असेल कुणी. दार उघडं बघून चढली असेल.” आणि मग आईकडे वळून, “ए बाई, चल. उतर खाली.”

मी तोंड उघडणार होते. आईने माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. साहेबांना काहीतरी खटकलं असावं. त्यांनी तिला सरळ विचारलं, “बाई, खरं सांगा. ह्यांच्यापैकी कुणाच्या तुम्ही?”

“कुणाची नाय, साहेब,” आई म्हणाली.

तिने उरलेली भाकरी फडक्यात बांधली, डब्याला झाकण लावलं, सांडलेला जवळ्याचा चुरा बोटाने टिपून घेतला आणि उतरली. फलाट तापलेला होता आणि तिच्या पायात काही नव्हतं. आंतोनकाका बर्थखाली वाकले, तिच्या चपला घेऊन खाली आले आणि तिच्या पायांशी ठेवल्या. “वहिनी,” एवढंच म्हणाले, तेही हळू. खिडकीतून मला नाना दिसत होते. त्यांनी खिशातून फडकं काढलं होतं आणि ते तो हाताचा ठसा पुसत होते, गोल गोल, हलक्या हाताने, घरात आम्हाला शिकवायचे तसे.

तेव्हाचं दिवा म्हणजे शेतं, मिठागरं आणि चुकूनमाकून थांबणारी गाडी. आम्ही बाकावर बसून राहिलो. तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस मधूनमधून आमच्याकडे बघत होता. दुपार कलल्यावर ट्रायल कल्याणहून परतली. ती थांबली नाही. तो डबा उन्हात असा झळकत गेला की डोळे दिपले. नाना दारात उभे होते, दांडा धरून. त्यांनी आम्हाला पाहिलं. मी उठून उभी राहिले. आई तेव्हा नळाला तोंड लावून पाणी पीत होती, तिने मान वळवली नाही. नंतर आम्ही तिकीट काढून साध्या गाडीने आलो. सबंध वाटेत ती एकदाच बोलली. “डबा चांगला होता हो,” ती म्हणाली. “खोटं कशाला बोला.”

संध्याकाळी नाना आले तेव्हा त्यांच्या हातात जिलेबीचा पुडा होता. जिलेबी! तो पुडा आठवला की आजही माझं डोकं फिरतं. ते खाली बघून म्हणाले, “नोकरी गेली असती. मग खाल्लं काय असतं तुम्ही?” आईने ताट वाढलं. नाना खरंच बोलत होते. आमच्या सगळ्या खानदानात तेवढी एक पक्की नोकरी होती, त्या नोकरीवर मी शिकले, मास्तरीण झाले, आज पेन्शन खाते. साहेबाचा मला राग नाही. साहेब ही चीज असायचीच, आज हा, उद्या तो. “माझी बायको आहे, चूक झाली” म्हटलं असतं तर कदाचित मेमो मिळाला असता. तो पुढे आंतोनकाकांना मिळालाच, खोटं बोलून बाहेरच्या बायका चढवल्याबद्दल. त्यांची बढती अडली. नानांची झाली. पण हे सगळं सोडून देते. मला सोडता येत नाहीत ते कोळसे. ‘ठाऊक नाही’ म्हणून थांबता आलं असतं. कोळसे कुणी मागितले होते?

त्या दिवसापासून आईने नानांना ‘अवो’ म्हणणं बंद केलं. भांडली नाही, अबोला धरला नाही. चहा व्हायचा, शर्टाला बटणं लागायची, आजारपणात ती रात्ररात्र बसायची. पण हाक मारायची वेळ आली की भांडं वाजवायची, नाहीतर माझ्यावर घालायची, “नानांना सांग गो, नळ आला.” आणि पासावर ती पुन्हा कधी बसली नाही. दसऱ्याला नाना आणि मी पासावर, ती आपलं तिकीट काढून चाळीतल्या बायकांबरोबर पलीकडच्या डब्यात. लोक विचारायचे, “अगं, रेल्वेवाल्याची बायको ना तू?” ती म्हणायची, “मला बायकांत बरं वाटतं.” नाताळात मात्र ती करंज्यांचा डबा घेऊन आंतोनकाकांच्या घरी जायची. नाना कधी बरोबर आले नाहीत. ते दोघे निवृत्त होईपर्यंत एकाच शेडमध्ये काम करत राहिले, त्याची गादी, ह्याचं लाकूड, आणि दिव्याचं नाव एकानेही काढलं नाही.

पुढे लोखंडी डबे आले आणि लाकडी डबे मोडीत निघाले. मोडीत म्हणजे आत जे विकण्यासारखं होतं ते काढून घ्यायचं आणि राहिलेला डबा यार्डाच्या कडेला नेऊन पेटवून द्यायचा, म्हणजे खालचं लोखंड सुटं होतं. नानांचा तो डबाही असाच जाळला. ते घरी आले तेव्हा अंगाला स्पिरिटचा नाही, धुराचा वास येत होता. जेवायला बसले आणि पहिल्या घासाला रडायला लागले, तोंडातला भात तोंडात ठेवून, लहान मुलासारखे. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. आई पिठी वाढता वाढता थांबली. डाव हातात धरून ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. तिने वाढलं आणि स्टोव्हकडे वळली.

आणि आता तेच डबे परत आले आहेत. लोअर परळला, जिथे गिरणी होती तिथे आता मॉल आहे, आणि मॉलमध्ये जुन्या डब्यासारखं सजवलेलं हॉटेल. चुलत भाचीने वाढदिवसाला नेलं. वेटरच्या डोक्याला लाल फेटा, मेनूवर ‘रेल्वे मटण’, खिडकीच्या जागी पडदा, त्यात झाडं पळताना दिसतात. भाची म्हणाली, “मावशी, तुला किती नॉस्टॅल्जिक वाटत असेल ना?” मी भिंतीला हात लावला. सनमायका होता. मी म्हटलं, “मटण बरं आहे.”

नाना निवृत्तीनंतर फार वर्षं राहिले नाहीत. स्पिरिटने आणि लाकडाच्या भुशाने छाती पोखरलेली होती. एका दुपारी खोकता खोकता गेले, घरात, आईच्या हातावर. ती खूप रडली, अगदी छाती पिटून, हेही लिहायला हवं. महिन्याभराने पेन्शन तिच्या नावावर करायला आम्ही दोघी रेल्वेच्या कचेरीत गेलो. विधवेलाही पास मिळतो, तो हवा असेल तर त्याचंही आजच करून टाकू, असं कारकून म्हणाला. चांगला मुलगा होता. त्याने आईला खुर्ची दिली, पाणी मागवलं, तिच्या दंडाला धरून बसवलं. मग पेन उघडून एकेक विचारायला लागला. नाव झालं, गाव झालं, वय अंदाजे झालं.

“मयताशी नातं काय, आजी?”

आई त्याच्याकडे बघत राहिली. मी सांगायला पुढे वाकले, तर तिने हाताने मला थांबवलं.

“ते तेंना विचारायचं होतंत बाबा,” ती म्हणाली. “जिते होते तवा.”

कारकुनाला वाटलं, म्हातारीला कमी ऐकू येतं. तो टेबलावरून वाकला आणि त्याने पुन्हा, जरा मोठ्याने विचारलं.